खेचराचा बाप्तिस्मा

ब्रिस्टल, टेनेसी
१२ मार्च १९५६

मिंटाताई,

सहा वर्षांत तू मला अकरा पत्रं लिहिलीस, त्यातल्या नऊ पत्रांत नुसतं हवापाणी आहे. घरातच पोस्टाची खिडकी चालवणाऱ्या बाईनं टपालाच्या बाबतीत एवढा हात आखडता घ्यावा, हे काही बरं नाही. म्हणून आज मीच लांबलचक लिहितो. बातमीही तशीच आहे.

मी टॉलिव्हर बंधूंच्या बँडमध्ये लागलो. यातला खरा टॉलिव्हर एकटा रॉयस, आमचा मालक. त्याचा सख्खा भाऊ दोन वर्षांपूर्वी भांडून गेला. पण पोस्टरं छापून झाली होती, म्हणून फिडलवाल्या एव्हरेटला भाऊ करून घेतलं. एव्हरेट सव्वासहा फूट आणि लाल केसांचा, रॉयस बुटका आणि सावळा. कुणी विचारलंच तर रॉयस सांगतो, आई एकच, पण जेवणखाण वेगळं.

आम्ही सगळे राखाडी सूट आणि पांढऱ्या हॅट घालतो. मायक्रोफोन एकच असतो. ज्याची पाळी त्यानं पुढे घुसायचं, बाकीच्यांनी अंग चोरायचं. परवा एव्हरेटच्या गजाचं टोक माझ्या कानात गेलं, तरी मी एक सूर चुकलो नाही. ताई, लोक मलाच बघायला येतात असं म्हटलं तर ते अगदीच खोटं होणार नाही.

आता मुद्दा. रोज दुपारी बाराला आमचा कार्यक्रम इथल्या रेडिओवर असतो आणि तो आपल्या स्पाइसवुड क्रीकपर्यंत ऐकू येतो. निवेदक माझं नाव घेतो, 'बँजोवर डेन्झिल स्टॅम्पर', मग मी वाजवतो. बाबा ऐकतात का?

सहा वर्षांपूर्वी मी घर सोडलं तो रविवार अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. मांसाला धुरी द्यायच्या खोलीत, मांसाच्या मागे टांगलेला बाबांचा बँजो खांद्याला लावून मी निघालो, आणि नेमकं त्याच वेळी चर्च सुटलं. आपल्या चर्चच्या मंडळीत वाद्य चालत नाही हे मला ठाऊक होतं. बाप्तिस्मा घेताना बाबांनी स्वतः वाजवणं सोडलं, तेही ठाऊक होतं. तरी वाटलं होतं, निदान शिवी देतील. त्यांनी टोपी डोळ्यांवर ओढली आणि पाद्रीशी मक्याविषयी बोलत राहिले. तू म्हणतेस, त्यानंतर त्यांनी माझं नाव काढलेलं नाही.

१३ ऑक्टोबरला आमचा कार्यक्रम आपल्या शाळेत आहे. बाबांनी यावं. दुसरं मला काही नको. त्यांनी एकदा मला वाजवताना बघावं, मग हवं तर पुन्हा टोपी ओढावी.

तुझा
डेन्झिल


स्पाइसवुड, केंटकी
९ एप्रिल

डेन्झिल,

हवापाणी ठीक आहे. हे आधी लिहून टाकलं, म्हणजे तुझी तक्रार पुरी.

रेडिओ आम्ही रोज ऐकतो. बारा वाजले की बाबा हात धुऊन खुर्चीत बसतात. रॉयसचं गाणं ऐकतात, पिठाची जाहिरातही ऐकतात. मग तुझं नाव येतं. ते आलं की बाबा उठतात, टोपी घालतात आणि म्हणतात, "डुकरांना बघून येतो." रोज. डेन्झिल, आपल्याकडे डुकरं तीन. ती आता इतकी बघून झालीत की त्यांनाच संकोच वाटत असेल. वर बाबांनी डुकरांच्या खोपटाची घराकडची फळी काढून टाकलीय, म्हणतात डुकरांना वारा लागत नाही. आणि मला सांगतात, रेडिओ मोठा ठेव, पंपकिनची सुरुवात चुकायला नको.

कारण तुझं वाजवून झालं की तो गमतीच्या गोष्टी सांगणारा अंकल पंपकिन येतो ना. त्याच्यासाठी बाबा वेळेवर परत येतात, आणि काय हसतात. मी त्यांना इतकं हसताना आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं. परवा त्यानं ती पाहुण्याला कोंबडी वाढायची गोष्ट सांगितली, तेव्हा बाबांच्या नाकातून ताक आलं. म्हणाले, "हा माणूस कुठल्यातरी चांगल्या घरचा आहे."

कसा आहे रे तो? गोष्टीच्या आधी दोनदा खाकरतो, ते बाबांना फार आवडतं. त्यांनी निरोप दिलाय की ऑक्टोबरात बँड इथे आला तर अंकल पंपकिननं आपल्याकडे जेवायला यावं. मी वाळल्या सफरचंदांचा थरांचा केक करीन. तुझ्याविषयी निरोप नाही. मला हे लिहिताना वाईट वाटतंय, पण तू विचारलंस.

आणखी एक. मंडळीत कुणी त्या रविवारचा विषय काढलाच, तर बाबा सांगतात की तो बँजो तू बाजारातून आणला होतास. मी गप्प बसते.

मिंटा


ब्रिस्टल
३ मे

ताई,

अंकल पंपकिनला जेवायला मुळीच बोलवू नका. मी त्या माणसाला जवळून ओळखतो. पुढचे दोन दात काळे, पँट अशी की तिच्यात दोन माणसं मावून तिसरा दाराशी उभा राहील. लाजलज्जा नाही. खायला बसला की थांबत नाही आणि उठला की आभार मानत नाही. चांगल्या घरचा वगैरे काही नाही. असलाच तर त्या घराला काळिमा आहे.

मला हे समजत नाही की माणसं कशाला भुलतात. मी बँजोवरचा तो तुकडा सहा महिने घासलाय. तीन बोटं, प्रत्येक बोटाला वेगळं काम. पाचवी तार चढी लावायला लागते म्हणून बँजोच्या दांडीत खेळण्यातल्या आगगाडीचे इवलेसे खिळे ठोकून घेतलेत. मे महिन्याच्या दमट हवेनं बँजोवर ताणलेलं कातडं ढिलं पडतं, म्हणून कार्यक्रमाआधी ते दिव्याजवळ धरून शेकतो. एव्हरेट म्हणतो, तान्ह्या पोराला असं कुणी शेकत नाही. आणि हे सगळं चालू असताना माझे वडील डुकरांकडे बघत उभे. मग एक गबाळा माणूस दोनदा खाकरतो, आणि ते धावत घरात येतात.

बाजारातून आणला म्हणतात काय? म्हणजे त्यांचा बँजो माझ्या हातात आहे, याचीसुद्धा त्यांना लाज वाटते. बरं झालं कळलं.

पंपकिनला मी निरोप देणार नाही. त्याचं डोकं आधीच फार चढलंय.

डेन्झिल


स्पाइसवुड
१९ जून

डेन्झिल स्टॅम्पर,

काल दुपारी तुझ्या अंकल पंपकिननं खेचराच्या बाप्तिस्म्याची गोष्ट सांगितली.

दोनदा खाकरला. मग म्हणाला, आमच्या गावात एक माणूस भर जानेवारीत बाप्तिस्मा घ्यायला ओढ्यात उतरला. त्याच्या मागोमाग त्याचं खेचरही डोहात उतरलं. पाद्रीचे डोळे मिटलेले. त्यानं चुकून खेचराचं डोकं बुडवलं, आणि त्या दिवसापासून ते खेचर रविवारी नांगर ओढत नाही, आणि शेजारच्या खेचरानं शिवी दिली तर मान खाली घालतं. लोक तिकडे खिदळत होते. खेचराचं नावसुद्धा बदललं नव्हतं. अहाब.

संध्याकाळपर्यंत माझ्या पोस्टाच्या खिडकीशी अकरा जण आले. कुणाला तिकीट नको, कुणाचं पत्र नाही. सगळ्यांना एवढंच सांगायचं होतं की एल्झी स्टॅम्परचं, म्हणजे आपल्या बाबांचं, खेचर रेडिओवर आलं. मंडळीतला ब्रदर होबर्ट तर हसता हसता खिडकीची फळी धरून खाली बसला.

आता सांग, ब्रिस्टलमधल्या त्या काळ्या दातांच्या गबाळ्या माणसाला अहाब कुठे भेटलं? कोंबडीची गोष्ट आईची होती, हे मला तेव्हाच समजायला हवं होतं. आणि ते खाकरणं. मी रोज सकाळी प्रार्थनेच्या आधी बाबांचं ते खाकरणं ऐकते, आणि रेडिओवर ओळखलं नाही. मूर्ख मी.

पंपकिन तूच आहेस. तूच त्या पँटमध्ये आहेस.

बाबा हसले नाहीत. त्यांनी रेडिओ बंद केला आणि डुकरांकडे गेले. तुझा बँजो तेव्हा वाजतसुद्धा नव्हता. अंधार पडायला लागला तरी आत आले नाहीत. त्या एका माणसानं त्यांना इतक्या वर्षांनी हसवलं होतं, आणि तूच तो, आणि तूच त्यांची थट्टा केलीस. मला इतका राग आलाय की हवापाण्याविषयीसुद्धा लिहावंसं वाटत नाही.

आर्मिंटा


ब्रिस्टल
२ जुलै

ताई,

पंपकिन मीच. पँटमध्येही मीच, दात मेणानं काळे केलेलेही माझेच.

आमच्या धंद्यात जुनी रीत आहे, ज्याच्या गळ्यात बँजो त्याच्या अंगात ढगळ पँट. फिडलवाला देखणा, गिटारवाला मालक, बँजोवाला विदूषक. रॉयसनं पहिल्या दिवशी माझं वाजवणं ऐकलं, मान हलवली आणि विचारलं, "पडता येतं का?" मला वाटलं, नीट उभं राहता येतं का विचारतोय. त्यानं पँट पुढे केली. राखाडी सूट मला आहे, पण तो अर्धा कार्यक्रम. उरलेला अर्धा पँटमध्ये. रेडिओवर कुणाला दिसत नाही, म्हणून दोन माणसं वाटतात. मी तुला खोटं काही लिहिलं नाही, फक्त एका माणसाचे दोन केले.

विनोद आठवड्याभरात संपले. रोज दुपारी नवा हवा. मग मी डोळे मिटून घरच्या टेबलाशी जाऊन बसायला लागलो. आई बोलतेय, बाबा मध्येच खाकरतात, सूप बीन्सच्या भांड्यातून वाफ येतेय. तिथून एकेक गोष्ट उचलत गेलो. ताई, मी थट्टा करत नव्हतो. मला घरची आठवण येते. सहा वर्षं येतेय. ती राखाडी सुटात येत नाही, पँट चढवली की येते. बाबांसारखं खाकरलं की क्षणभर वाटतं, ते शेजारी बसलेत.

आणि तू लिहिलंस की ते पंपकिनला हसतात. मला आनंद व्हायला हवा होता. मी त्या रात्री जेवलो नाही. माझ्या वडिलांना माझं सोंग आवडतं आणि मी आवडत नाही, हे गिळायला जड गेलं. खेचराची गोष्ट मी त्या रागात सांगितली. म्हटलं, बघू आता तरी ओळखतात का. हे वाईट केलं. मला वाईट वाटतंय, आणि हा विनोद नाही.

मी रॉयसला सांगितलं, ऑक्टोबरात आमच्या गावात पंपकिन येणार नाही, मी फक्त बँजो वाजवीन. रॉयस म्हणाला, "लोक पंपकिनला बघायला येतात. तो येणार नसेल तर तूही येऊ नकोस, आणि नंतरही येऊ नकोस." त्याचंही चूक नाही. एव्हरेटनं डेटनच्या एका कारखान्यात ओळख काढलीय, तिथे माणसं हवी आहेत. पंपकिनला बाबांनी नको म्हटलं तर मी तेरा तारखेआधी बँड सोडून तिकडे जातो. बँजो पोस्टानं घरी पाठवीन. खिडकीवर तूच असशील, तर कुणाला दाखवू नकोस.

त्यांना एकदा विचार. मी थांबतो.

डेन्झिल


स्पाइसवुड
२० ऑगस्ट

डेन्झ्या,

सात आठवडे उत्तर दिलं नाही, कारण उत्तर माझ्याकडे नव्हतं. तुझं पत्र मी बाबांना वाचून दाखवलं. 'पडता येतं का' इथपर्यंत ते खुर्चीत बसून ऐकत होते. 'सूप बीन्स' आल्यावर उठून पाणी प्यायले. मग महिनाभर ते पत्र टेबलावर तसंच पडून होतं. रेडिओ मात्र खेचराच्या गोष्टीच्या दुसऱ्या दिवसापासूनच पुन्हा लावला, आणि तुझं नाव आलं की पुन्हा डुकरं.

अकरा तारखेच्या शनिवारी मंडळीची सभा होती. बाबांनी काहीतरी उभं राहून सांगितलं म्हणे. आत काय झालं ते बायकांना बाहेर कळलं नाही, फक्त सभा बाराऐवजी चारला सुटली आणि पुरुष एकमेकांच्या पाठी थोपटत, डोळे पुसत बाहेर आले. ब्रदर होबर्ट माझ्याकडे बघून लाजला. साठ वर्षांचा माणूस असा लाजताना मी पाहिला नव्हता.

घरी आल्यावर बाबांनी कागद मागितला. बाबांनी. ज्यांनी आईलासुद्धा कधी चिठ्ठी लिहिली नाही. चार दिवस टेबलाशी बसून होते, दोन पेन्सिली मोडल्या. मला वाचू दिलं नाही. पाकीट स्वतः चिकटवलं, वर स्वतः तिकीट लावलं आणि खिडकीतून मला दिलं, जणू मी कुणी परकी पोस्टमास्तरीण. मी फोडलं नाही. किती जड गेलं ते माझं मलाच ठाऊक. यासोबत पाठवते. काय लिहिलंय ते कळव, नाहीतर पुढची नऊ वर्षं हवापाणी वाचत बसशील.

मिंटा


डेन्झिल,

तुझी बहीण म्हणेल, मी चार दिवस लिहीत होतो. तीनच. एक दिवस पेन्सिलीला टोक करण्यात गेला.

खेचराची गोष्ट तू चुकीची सांगितलीस. जानेवारी नव्हता, मार्च होता. जानेवारीत पाद्री पाण्यात उतरलाच नसता, त्याचे सांधे धरायचे. अहाबचं डोकं कुणी बुडवलं नाही. ते बुडवून घेणारं खेचर नव्हतं. तू तेव्हा दोन वर्षांचा होतास आणि ओरडत होतास, तुला कुठून आठवणार. लोकांनी सांगितलं ते तू घेतलंस. लोकांनाही ठाऊक नव्हतं.

मंडळीत येताना मी सांगितलं होतं, बँजो जाळून येईन. त्या दिवशी सकाळी तो पोत्यात घालून अहाबच्या पाठीवर टाकला आणि ओढ्याच्या वरच्या अंगाला गेलो. काड्या जमवल्या. विस्तव केला. तिथे बसून एकदा शेवटचं वाजवावं म्हटलं. मग आणखी एकदा. विस्तव विझला. तिकडे खालच्या डोहापाशी लोक भजन म्हणत वाट बघत होते. मी बँजो परत पोत्यात घातला, अहाबला झाडाला बांधलं आणि खाली जाऊन पाण्यात उतरलो. गाठ घाईत मारली होती.

पाद्रीनं मला बुडवलं. वर आलो तर समोर अहाब पाण्यात येतंय आणि पोतं भिजायला चार बोटं उरलीत. मी ओरडलो आणि पाद्रीचा हात झटकून त्याच्याकडे झेप घेतली. लोकांना वाटलं, माझ्यात पवित्र आत्मा आला. दोन बायका रडल्या. मला बँजोच्या कातड्याची काळजी होती. इतक्या वर्षांत मंडळीत कुणाचाही बाप्तिस्मा झाला की त्या झेपेची आठवण निघते आणि मी मान खाली घालून बसतो.

म्हणून तो धुराच्या खोलीत होता. तू त्या रविवारी तो उघडा खांद्याला लावून चर्चसमोरून गेलास. सगळ्यांनी पाहिला. मी म्हटलं, पोरानं बाजारातून आणला. बँजो जाळला म्हणालो ते पहिलं खोटं, हे दुसरं. मी तुझ्यावर रागावलो नव्हतो. पण तुझं नाव काढलं की बँजोचं नाव निघायचं, आणि मग सगळंच निघालं असतं. म्हणून सहा वर्षं तुझं नाव काढलं नाही. हे मी तुझ्या बाबतीत वाईट केलं. खेचराच्या गोष्टीनं तू केलंस त्याहून जास्त.

पंपकिन तू आहेस हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. माझं खाकरणं मला ओळखू येणार नाही होय? मी तुलाच जेवायला बोलावलं होतं. आर्मिंटाला सांगितलं नाही, ती पोस्टात बसते. त्या गोष्टीनंतर मी रेडिओ बंद केला तो रागानं नाही. आता सगळं सांगून टाकावं लागणार, हे मला कळलं.

शनिवारी सभेत सगळं सांगितलं. वाटलं होतं, काढून टाकतील. ब्रदर होबर्ट बराच वेळ बुटांकडे बघत बसला, मग उठून म्हणाला की त्याचंही फिडल मक्याच्या कणगीत आहे. मग आणखी तिघे उठले. एकाकडे तर दोन निघाली. पाद्रीनं सगळ्यांना एकत्रच माफ केलं, चार वाजत आले होते.

डुकरांच्या खोपटात रेडिओ चांगला ऐकू येतो. मी फळी काढली ती त्यासाठीच. जूनपासून तुझं कातडं ढिलं वाजतंय. दिव्यानं भागत नाही, चुलीजवळ धर, पण हात भाजेल इतकं जवळ नको. पाचवी तार मला कधी नीट लावता आली नाही. तुला येते.

डेटनला जाऊ नकोस. बँजो पोस्टानं पाठवू नकोस, फुटेल. तेरा तारखेला ये. ती पँट घालून ये, मला बघायची आहे. खेचराची गोष्ट सांग, पण या वेळी खरी सांग. तुझ्या गोष्टीपेक्षा ती चांगली आहे. मी पुढच्या बाकावर बसून ऐकेन.

नंतर तू बँजो हातात घेतलास की मला उठावं लागेल. मंडळीचा नियम अजून तोच आहे, आणि मला आता तिसरं खोटं बोलायचं नाही. पण शाळेजवळ डुकरं नाहीत. तेव्हा मी फार लांब जाणार नाही. डाव्या बाजूच्या पहिल्या खिडकीबाहेर उभा असेन. मास्तरांना सांगून ती उघडी ठेव.

तुझा बाप,
एल्झी स्टॅम्पर